मुक्ताकाकूच्या दाताची दवंडी

न्हाई, न्हाई, न्हाई! मी ते बिल्ल्याचं म्हननार न्हाई! आधीच सांगतो, खिशातलं मोबाईल खिशातच ऱ्हाऊ द्या... ए बाबा, तू बी ठिव खाली, हात दुखंल. रोज कुनीतरी येतंय, वळख ना पाळख, खांद्यावर हात टाकतंय आन म्हनतंय, "आबा, तेवढं कानात बिल्ला म्हना की!" का म्हनू? एकडाव चुकून तोंडातनं गेलं तर जल्मभर तेच म्हनत बसू व्हय? आन ज्या गोष्टीचं नवल करायचं, ती गोष्ट मी सांगाया लागलो की ह्यांचं मोबाईल खाली! म्हंजी चुकलं की वर, खरं सांगितलं की खाली. ही काय तऱ्हा झाली?

बसा. सावकाश सांगतो. मला घाईनं सांगता येत न्हाई आन घाईनं सांगितलं तवाच ह्यो समदा घोटाळा झाला.

मी गहिनीनाथ. श्रीगोंद्यापास्नं अकरा मैल आत आमचं गाव, तिथं बावन्न वर्सं दवंडी देतो. साळंत गेलो न्हाई, आकडा-अक्षर कळत न्हाई, पन कुनी काय सांगितलं की ते डोक्यात ठिवायचं आन हलगी वाजवून गल्लोगल्ली जसंच्या तसं तवायचं... चुकलं, वतायचं! बघा, घाई केली की जीभ अशी आडवी जाती. तर काय सांगत हुतो... हां, बातमी. आता मला साक्षरांगत बातमीची पारख न्हाई, पन ती वळखायची एक खून मला ठावं हाय. दवंडी देताना मी लोकांच्या तोंडाकडं बघत न्हाई, हाताकडं बघतो. "उद्या नळाला पानी येनार न्हाई" म्हनलं की बायांचं हात चालूच, भाकर थापतच म्हनत्यात, "आज तरी कुठं आलंय!" "ग्रामसभा हाय" म्हनलं की गड्यांचं हात चालूच, तंबाखू मळतच ऱ्हात्यात. पन ज्या साली गावात पहिल्यांदा लाईट येनार म्हनून दवंडी दिली, तवा तुमाला सांगतो, भाकरीवरचा हात भाकरीवर थांबला, तंबाखूवरचा अंगठा तंबाखूवर थांबला, आन न्हाव्याचा वस्तरा श्रीमंत पाटलाच्या अर्ध्या गालावर थांबला! ऐकनाऱ्याचा हात थांबला पायजे. त्याला म्हनायची बातमी.

आता बिल्ल्याचं. सांगावंच लागंल, त्याबिगर पुढलं कळनार न्हाई... पन म्हनून दाखवनार न्हाई, सांगनार! त्यात फरक हाय.

शनवारची दिवस कलतीची येळ. मी वट्यावर बसलेलो, आमचे यज्ञेश्वर भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हंजी आमचे ग्रामसेवक. मानूस सोन्यासारखा, पन चार गावांचा कारभार एकट्याकडं, त्यामुळं त्यांची फटफटी कधी बंदच व्हत न्हाई. फटफट फटफट चालू, एक पाय खाली, आन त्या आवाजात मला सांगत्यात, "गहिनीनाथ, दोन दवंड्या आहेत, नीट ऐका! सोमवारी सकाळी दहा वाजता पेन्शनवाल्या सगळ्या वृद्धांनी हयातीच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत यायचं, आधार कार्ड आणायचं. आणि त्याच वेळी शाळेच्या पटांगणात जनावरांना लस, कानात बिल्ला, दाव्याला बांधून आणायचं, बिल्ला नसलेलं मोकाट समजून कोंडवाड्यात जाईल... कळलं? निघतो!" आन गेले की! मी म्हनलं, भाऊसाहेब, एकडाव परत... तर नुसता धुरळा! बावन्न वर्सांत मला कुनी दोन दवंड्या एकाच दमात दिल्या नव्हत्या. पयली देऊन यायचं, पानी प्यायचं, मंग दुसरी, असा आपला रिवाज. पन म्हनलं, भाऊसाहेबांनी एकाच दमात दिल्यात तर एकाच दमात द्यायच्या आसत्याल. सरकारी काम.

आन मारुतीच्या पारावर हलगी वाजवली आन सुरू केलं... आता तोंडातनं काय गेलं ते तवा मला ठावंच न्हाई, मी आपला सांगत ऱ्हायलो. मागनं ऐकलं तवा कळलं. मी म्हनलो हुतो की सोमवारी सकाळी धा वाजता पेन्शनवाल्या समद्या म्हाताऱ्यांना साळंच्या पटांगनात दाव्यानं बांधून आनावं, संगं आधार कार्ड आनावं, डाक्टर कानात बिल्ला मारतील, आन ज्या म्हाताऱ्याच्या कानात बिल्ला न्हाई त्यो मोकाट समजून कोंडवाड्यात घातला जाईल, हो ऽऽ!

झालं! हसा, हसा. तुमी बी हसला. मी कुठं न्हाई म्हनतो?

आता तिथं हुता हर्षल, मोबाईलच्या दुकानाचा. त्यानं ते समदं मोबाईलात धरलं आन दिलं सोडून. शनवारी सोडलं, ऐतवारी आमची मालनबाई, म्हंजी आमचं कुटुंब, हिरीवर गेली तर बाया तिच्या कानाकडं बघाया लागल्या. "काय गं, मारला का बिल्ला?" घरी येऊन हंडा आपटला. "पन्नास वर्सं तुमच्या संगं काढली, कुनी माझ्या कानाकडं बघितलं नव्हतं!" मी म्हनलं, मंग आता बघितलं तर बरंच झालं की... तर दोन येळा च्या मिळाला न्हाई. आन मंगळवारपतूर म्हने चाळीस लाख लोकांनी बघितलं. चाळीस लाख! कारखान्याला ऊस न्यायच्या ट्रॅक्टरवर डीजे लावून माझाच आवाज... कानात बिल्ला, ढुम, कानात बिल्ला, ढुम, हो ऽऽ ढुम ढुम! तुमाला सांगतो, पुढनं माझाच आवाज अंगावर येतुया म्हनल्यावर मी रस्ता सोडून उसात उभा ऱ्हायलो. सरपंचांनी सत्काराचा नारळ दिला. श्रीगोंद्यात हाटेलवाल्यानं च्या फुकट दिला आन वर म्हनतो, "कप घरी घेऊन जा आबा, आमी त्यो कप धुनार न्हाई, ठिवनार हाय." न्हेऊ का ठिवू, काय ते एक सांग! आन ह्या समद्यांचं हात? बघितलं मी. एकाचा बी हात थांबला न्हवता. अंगठ्यानं माझं तोंड बघितलं, हसलं, अंगठ्यानंच मला वर ढकललं, पुढलं बघाया लागलं.

आन आता ऐका, सोमवारी काय झालं ते. ते कुनाच्या मोबाईलात न्हाई.

सोमवारी पटांगनात जनावरं आली, डाक्टरीनबाई आल्या, मधुवंतीबाई, नवीनच हायत, पन हात हलका. मी चुकी निस्तराया सकाळधरनंच फाटकाला उभा. कुनी म्हातारं आलं तर सांगायचं, बाबा रे, तुमचं इकडं न्हाई, पंचायतीत. पन येतंय कोन? समदं गाव हसून मोकळं झालेलं, समद्यांला ठावं हुतं म्हातारं चुकलं म्हनून. एक सोडून. मुक्ताकाकू! 

मुक्ताकाकू आमच्या गल्लीच्या टोकाला ऱ्हाती. खरी नव्वदीच्या पुढं, पन आधार कार्डावर ती पंच्याहत्तर वर्सांची हाय, आन तिचा थोरला लेक एकाहत्तर वर्सांचा हाय! भाऊसाहेबांना इचारलं तर म्हनले, "कॉम्प्युटरला चालतं." लेक, नातवंडं समदी पुन्याकडं, म्हातारी एकली. कंबरंत वाकलेली, पन कान शाबूत. ती आली काठी टेकत, आन तुमाला सांगतो, एका हातात आधार कार्ड आन दुसऱ्या हातात शेरडीचं दावं!

मी म्हनलं, "काकू, दावं कशाला?"

"तूच सांगितलंस की गहिन्या, बांधून आना म्हनून. मला बांधायला घरात कोन हाय? मीच दावं घेऊन आले. बांध आता कुठं बांधायचं तिथं."

चाळीस लाख हसले असत्याल, पन माझी दवंडी खरी मानून आली ती ही एकली. मी म्हनलं, "काकू, चुकलं माझं, तू पंचायतीत चल." ती म्हनली, "आता आलेच हाय तर बसते. गर्दी तर बघू दे. किती दिसांनी एवढी गर्दी बघतीया." आन बसली गाईच्या रांगंत, दगडावर, ऐटीत.

आता डाक्टरीनबाईंचं काम कसं, तर जनावराचं तोंड उघडायचं, दात बघायचं, दातावरनं वय सांगायचं, ते लिहायचं, मंग बिल्ला. गाय झाली, कालवड झाली, आन पुढं मुक्ताकाकू! काकूनं आपसूकच तोंड उघडलं. आ ऽऽ! म्हनती, "माझं बी वय बघ गं बाई. कार्डावर खोटं लिवलंय. दात न्हाईत, पन हिरडीवरनं काय सांगता आलं तर सांग." डाक्टरीनबाई हसल्या, पन लेक गुनाची हो, म्हातारीचं मन मोडलं न्हाई. बॅटरी घेतली, वाकल्या, आत बघितलं... आन थांबल्या. हातातली सुई हातात. मी बघितलं ना! हात थांबला! मी म्हनलं, म्हातारीला काय रोग सापडला का काय?

बाई म्हनल्या, "आजी... तुम्हाला दात येतोय!"

दात! मुक्ताकाकूला! जिचं समदं दात मी चाळिशीत असतानाच गेलं, खाली एक खुंट तेवढा उरला, तिला वरनं नवा दात! मी स्वता बघितला. हिरडीतनं वर आलेला, तांदळाच्या दान्याएवढा, पांढराधोप! बाई म्हनल्या, आतल्या आत दबून बसलेला असनार, आता हिरडी झिजली म्हनून बाहीर आला. बरं. आसंल. शिकलेलं मानूस सांगतंय म्हंजी तसंच आसंल. पन मला सांगा, नव्वद वर्सं त्यो आत काय करत हुता? संगतीचं समदं आलं, त्यांनी ऊस खाल्ला, हुरडा खाल्ला, भांडनात करकर वाजलं, किडलं, हाललं, पडलं, आन ह्यो पठ्ठ्या अंधारात गपचिप! समदी गर्दी निघून जाऊ दिली आन मंग सावकाश बाहीर डोकं काढलं, म्हनला, आता मोकळं झालं जरा. मला गावात समदी म्हनत्यात, गहिनीनाथ लई सावकाश मानूस. अवो, ह्या दातापुढं मी फटफटी हाय, फटफटी!

आता ही बातमी हाय का न्हाई, तुमीच सांगा!

काकूला मी घरी सोडाया गेलो. वट्यावर बसली, शेंगा घेतल्या, एक शेंग तोंडात धरली, खालचा खुंट आन वरचा नवा, दोघांची गाठ घातली, आन... कट! शेंग फुटली. काकू माझ्याकडं बघाया लागली, मी काकूकडं. म्हनली, "आवाज आला का रं?" मी म्हनलं, आला. मंग टरफलं पदरात गोळा केली. आन म्हनली, "गहिन्या, माझ्या लग्नाची दवंडी न्हाई, माझ्या पोरांच्या बारशाची न्हाई. आजवर माझं नाव हलगीवर आलं न्हाई, आता येनार ते मी गेल्यावर. त्यापरीस जितेपनी एकडाव दे की. ह्या दाताची. लोकं बघाया येतील, चार घटका बसतील. मी शेंगा भाजून ठिवते."

दिला शबूद. द्यायलाच पायजे की न्हाई?

घरी आलो, मालनबाईला सांगितलं. तिचा हात पिठात थांबला. म्हनली, "अगं बया! मामाला सांगावा धाडावा लागंल की! पोराला दात आला की पयल्यांदा मामाला कळवत्यात." आता नव्वद वर्सांच्या बाईचा मामा कुठनं पैदा करायचा? पन बघा, हात थांबला. मंग गेलो हर्षलकडं. म्हनलं, "हर्षल, नवल झालंय, मुक्ताकाकूला..." तर म्हनतो, "आबा, ते ऱ्हाऊ द्या, पार्ट टू काढू. शेळ्यांना पेन्शन मिळनार, असं म्हना!" भाऊसाहेबांकडं गेलो. "भाऊसाहेब, मुक्ताकाकूला दात..." तर फटफटीवरनंच, "दातांचं शिबिर पुढच्या महिन्यात! निघतो!" पारावर गेलो तर तिथं आधीच धा जनं मोबाईल वर करून, "आबा, बिल्ला!" अरे बिल्ला लोखंडाचा का पितळंचा ते तरी कुनी बघितलंय का? आन इथं हाडाचा दात उगवलाय, त्यो बघाया कुनी उठंना. ही बातमी हाय का न्हाई, तुमीच सांगा!

बेस्तवारी शहरातनं पत्रकार आला. अनिमेष नाव. पोरगं तसं आदबीचं, आल्या आल्या पाया पडला, आन पडल्या पडल्या खालनंच फोटो काढला. "आजोबा, फक्त एकदा, पारावर, हलगीसकट, गाव मागे उभं राहील, आणि तुमचा तो डायलॉग!" मी म्हनलं, दवंडी देतो, पन कोनती द्यायची ते माझं मी ठरवनार. "चालेल चालेल!" म्हनला.

मी काकूला सांगून आलो. काकूनं ठेवनीतलं लुगडं काढलं. पाराच्या कडंला येऊन बसली, म्होरं भाजलेल्या शेंगांची पाटी. समदं गाव गोळा. मी हलगी तापवली, वाजवली, आन एक एक शबूद तोलून, सावकाश, बावन्न वर्सांत दिली नसंल अशी दवंडी दिली. "ऐका हो ऐका ऽऽ, आपल्या गावच्या मुक्ताबाई, वय नव्वदीच्या पुढं, ह्यांना सोमवारपास्नं नवा दात आलेला हाय, समद्या गावानं येऊन बघावा, शेंगा खाव्या, हो ऽऽ!"

मी हाताकडं बघाया लागलो...

आन असा हशा उठला म्हनता, पारावरची पाखरं उडाली! "आबा परत चुकलं! आबा परत चुकलं! कालवडीचा दात म्हातारीला लावला!" एक जन तर हसून हसून पाटीतल्याच शेंगा खायाला लागला, पन शेंगावालीकडं बघंना! मी वरडतोय, अरं खरं हाय, अरं खरं हाय... जितकं वरडावं तितकं जास्त हसत्यात. अनिमेष म्हनतो, "अफाट! आजोबा, वन्स मोअर!"

मुक्ताकाकूनं तोंड उघडं ठिवलं हुतं. लोकांनी बघावं म्हनून. थोड्या येळानं मिटलं. लुगड्याचा पदर नीट केला.

मी सावकाश मानूस, मला राग यायला बी येळ लागतो, पन त्या दिवशी लगीच आला. त्या पोराचं मनगट धरलं आन न्हेला काकूम्होरं. म्हनलं, "बघ! डोळ्यानं बघ!" काकूनं परत आ केलं. तर ह्यो बघतोय आन म्हनतोय, "आजी, हा बसवून घेतलेला असेल ना? कवळीचा?" काकू तोंड उघडं ठिवूनच, "आआ..." म्हंजी न्हाई. "हलतो का बघू?" म्हनला, आन घातलं की हो बोट आत!

घालावं का? नव्वद वर्सं वाट बघून आलेला दात, अजून हळद-कुंकू लागलं न्हाई त्याला, आन ह्यो त्याला हलवून बघतोय!

कट.

शेंगंचा आवाज झाला तसाच. पन शेंग वरडली नव्हती, ह्यो वरडला! मोबाईल एकीकडं, त्यो एकीकडं. तुमाला सांगतो, त्या एका वरडीनं समद्या गावाचं हात थांबलं. काकूनं बोट सोडलं, तोंड पुसलं, म्हनली, "आता हलतो का?" आन मंग मातर रांग लागली बघा, दात बघायला! लांबनं बघत हुते समदे, हात पाठीमागं बांधून. पन रांगंचा फोटो कुनी काढला न्हाई, आन ज्याचं काम हुतं त्याचं बोट फडक्यात. तवा ती बातमी काय आली न्हाई.

मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. नर्सबाईनं कागद काढला. "काय चावलं?" मी म्हनलं, मुक्ताकाकू. "कुत्रं, मांजर, माकड का इतर?" मी म्हनलं, इतरमध्ये घ्या. तिनं पट्टी केली, सुई दिली, आन कागदावरचं वाचून दाखवल्यागत म्हनली, "चावणाऱ्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांत दगावलं तर लगेच यायचं." ते कुत्र्याचं हो! तिला हसू फुटत हुतं, मी बघितलं. पन पोरगं घाबरलेलं, त्यानं मनावर घेतलं.

आन दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. "आजोबा, अनिमेष. त्या आजी... आहेत ना?" मी म्हनलं, हायत. "जेवतात ना? पाणी पितात ना? पाण्याला घाबरत नाहीत ना?" काकूकडं फोन न्हाई, म्हनून मी जाऊन तिला सांगितलं, त्या पत्रकाराचा फोन हुता, तू कशी हायस इचारत हुता. काकू बघतच ऱ्हायली. "माझं इचारत हुता? मी जेवले का ते?" मी म्हनलं, व्हय. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू सकाळीच माझ्या वट्यावर हजर. फोन वाजला. "आजी कशा आहेत?" काकू मागनं वरडती, "सांग त्याला, बाजरीची भाकर खाल्ली! कोरडी! कुस्करून न्हाई!" तिसऱ्या दिवशी बी. चवथ्या दिवशी बी. रोज! अवो, पोटच्या लेकाचा फोन दिवाळीला येतो. आन ह्यो परका मानूस रोज सकाळी इचारतोय, जिती हाय का, खाल्लं का, झोप लागली का. काकू येनी घालून यायला लागली. फोनला!

माझं काय झालं म्हनता? माझं संपलं. तिकडं बेलापूरला कुनाचं तरी कोंबडं भोंग्याबरूबर सूर लावतंय म्हने, समदा गाव त्याच्या मागं. हाटेलवाल्यानं त्यो कप बी धुतला. तुमच्यासारखी पोरं तेवढी रोज जुनं उकरत येत्यात.

धा दिवस झाले. अकराव्या दिवशी काकू आली, बसली. उनं डोक्यावर आली. फोन न्हाई. "लागत नसंल का रं?" मी म्हनलं, "काकू, धा दिसांची मुदत हुती ती. संपली. तू काय मेली न्हाईस, आता त्यो कशाला करतोय?"

काकू लई येळ हिरडीवर जीभ फिरवत बसली. आन म्हनली, "मंग बोलीव त्याला परत. दुसऱ्या हाताला बोटं हायत का न्हाई?"

आता काय करनार! लावला फोन. म्हनलं, साहेब, या, म्हातारीला दुसरा दात येतोय. आन तुमाला सांगतो, खरा दात आला तवा पोरानं बोट घालून बघितलं... आन ह्यो मी लबाडीचा सांगितला, तर म्हनतो, "आजोबा, निघालोच!"